सुरुवात कुठे करावी: मुंबईचं संग्रहालय की पुण्याचं मंडळ?

इतिहासात एमए झालं, आता पुढे? मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे माणसांशी बोलायला शिकता येतं. संग्रहालयाची फिरती बस शाळेच्या मैदानात उभी राहिली की चौथीतल्या पोरांना हडप्पा दोन वाक्यांत समजवावं लागतं.

पुण्यात इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० साली स्थापलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात गाठ पडते ती कागदांशी. हे जुने मराठी कागद मोडी लिपीत आहेत. मोडीत शिरोरेघ सलग, शब्दांत जागा सोडलेली नाही. शब्द कुठे संपला हे संदर्भावरूनच ओळखायचं. नवख्याची अख्खी सकाळ एका ओळीत जाते.

माझं मत स्पष्ट आहे: आधी मोडी शिका. दालनात बोलणं नोकरी करता करता जमतं, वाचनाची बैठक मात्र लवकरच घालावी लागते. शिवाय पेशवे दफ्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, वाचणारी माणसं हवीच आहेत.