मस्टँग की कॅमारो? ट्रॅकवर न्यायची जुनी गाडी निवडताना

जुनी अमेरिकन व्ही८ (आठ सिलिंडरची गाडी) घ्यायची, सुट्टीच्या दिवशी वळणावळणाच्या रस्त्यांवर दामटायची आणि अधूनमधून ट्रॅक-डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायला मिळते त्या दिवशी, न्यायची असं मनात असेल, तर शोध बहुधा दोन गाड्यांपाशी येऊन थांबतो: १९६५-६६ची फोर्ड मस्टँग आणि १९६७-६९ची शेव्हरोले कॅमारो. डेट्रॉइटच्या आसपास मोटार कंपन्यांत काम करणाऱ्या मराठी मंडळींना तर या दोघी चांगल्या ओळखीच्या. ऑगस्टमध्ये तिथल्या वुडवर्ड रस्त्यावर निघणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला, वुडवर्ड ड्रीम क्रूझला, त्या एकामागून एक जाताना दिसतात. पण वुडवर्ड हा जवळजवळ सरळ रस्ता आहे, तिथं घुमणारं इंजिन ऐकून गाडी निवडू नका. ट्रॅकवर वीस मिनिटं सलग चालवलं की आधी कसोटी लागते ती पुढच्या सस्पेन्शनची, ब्रेकची आणि इंजिनातल्या तेलाची. हॉर्सपॉवरची पाळी फार नंतर येते.

कागदावर दोघी सारख्याच. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १०८ इंच, पुढे व्ही८, मागे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे. मस्टँगचं वजन व्ही८सकट १,३०० किलोच्या आसपास, कॅमारो तिच्याहून शंभर-दीडशे किलोंनी जड. खरा फरक पुढच्या भागात आहे, आणि माझ्या मते निर्णय तिथंच व्हायला हवा.

पुढचा भाग

पुढचं प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन आर्मनी धरलेलं असतं. मस्टँगची पुढची स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते. तिला आधार द्यायला बोनेटखाली दोन्ही बाजूंना पत्र्याचे उंच मनोरे आहेत. या मनोऱ्यांमुळे इंजिनाची जागा अरुंद होते, आणि जोरात चालवलेल्या गाड्यांत त्यांच्याभोवती चिरा पडतात. त्यामुळे मनोऱ्यांना मागच्या भिंतीशी जोडणारी ब्रेस आणि दोघांमधली आडवी दांडी या दोन गोष्टी पहिल्याच आठवड्यात बसवाव्यात.

यापेक्षा महत्त्वाची दुरुस्ती जवळजवळ फुकट आहे. मूळ रचनेत गाडी वळणात कलली की बाहेरचं चाकही तिच्याबरोबर बाहेर कलतं आणि टायर फक्त कडेवर घासत राहतो. त्या काळच्या बायस-प्लाय टायरांना ते चालायचं, आजच्या रेडियल टायरांना चालत नाही. फोर्डचे इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांनी वरच्या आर्मची जागा खाली आणण्याचा उपाय काढला आणि रेसर कॅरल शेल्बी यांनी मस्टँगवरून बांधलेल्या १९६५च्या जीटी३५०मध्ये ती एक इंच खाली घेतली गेली. तुम्हाला त्यासाठी टेम्प्लेट लावून एकूण चार भोकं पाडायची असतात. रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) वर येतो, गाडी कमी झुकते, बाहेरचा टायर रस्त्यावर अधिक सपाट टेकतो. याच पायावर उभ्या जीटी३५०ने एससीसीए या अमेरिकन क्लबच्या शर्यतींतला बी-प्रॉडक्शन गट १९६५, ६६ आणि ६७ अशी सलग तीन वर्षं जिंकला. इतक्या थोड्या खर्चात इतका फरक पाडणारं दुसरं काम मला या दोन्ही गाड्यांत माहीत नाही.

कॅमारोची स्प्रिंग खालच्या आर्मवर आहे, त्यामुळे मनोरे नाहीत आणि इंजिनाभोवती भरपूर मोकळी जागा मिळते. कॅम्बरचा, म्हणजे चाक बाहेर कलण्याचा दोष तिच्यातही आहे. रेसर डिक गुल्डस्ट्रँड यांच्या नावानं ओळखला जाणारा बदल इथंही वरच्या आर्मची जागा खाली घेतो. कॅमारोचं मोठं बळ वेगळं आहे: तिचा पुढचा सांगाडा (सबफ्रेम) मागच्या बॉडीला बोल्टने जोडलेला आहे. आख्खी सबफ्रेम उतरवून आधुनिक आर्म आणि रॅक स्टिअरिंग असलेली नवी सबफ्रेम चढवता येते, पत्रा कापावा लागत नाही. खर्च मात्र काही हजार डॉलरांत जातो. सबफ्रेम जुनीच ठेवणार असाल, तर जोडावरची झिजलेली रबरं काढून अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे घाला आणि ती बॉडीला काटकोनात बसली आहे ना ते मोजून घ्या. ती तिरकी बसली असेल तर कितीही महागडं अलाइनमेंट वाया जातं.

टायरच्या बाबतीत कॅमारो सरळ पुढे आहे. १७ इंची चाकांवर पुढे २४५ रुंदीचा टायर तिच्यात बसवता येतो. मस्टँगमध्ये २२५च्या पुढे गेलं की मडगार्डशी झटापट सुरू होते. मस्टँगचं कमी वजन ही तूट बरीचशी भरून काढतं.

मागचं थोडक्यात सांगतो. १९६७च्या कॅमारोला दर बाजूला स्प्रिंग म्हणून एकच पाटा आहे आणि दोन्ही शॉक अ‍ॅक्सलच्या एकाच बाजूला. जोर दिला की अ‍ॅक्सल पिळवटतो आणि चाकं उड्या मारतात. १९६८पासून एक शॉक पुढे आणि एक मागे अशी रचना आली. शक्य असेल तर ६८ किंवा ६९ची घ्या आणि बहुपाती स्प्रिंग बसवा.

ब्रेक, टाकी आणि पट्टे

इथं काटकसर नको. १९६५-६६च्या मस्टँगचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) एकेरी आहे: एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. १९६७च्या कॅमारोपासून तो दुहेरी मिळतो. मस्टँग घेतलीत तर दुहेरी सिलिंडर बसवेपर्यंत ती ट्रॅकवर नेऊ नका. दोन्ही गाड्यांना पुढे डिस्क हव्यातच, कारण ड्रम दोन-तीन फेऱ्यांत तापून सोडून देतात. ब्रेक ऑइलही ताजं हवं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. पण डॉट ४मध्ये ओल मुरली की हाच आकडा १५५पर्यंत उतरू शकतो. सिलिकॉनचं डॉट ५ शोभेच्या गाडीला ठीक, ट्रॅकला नाही.

मस्टँगची आणखी एक गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही. तिच्या पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हीच डिकीची जमीन आहे. मागून जोरात धडक बसली तर पेट्रोल आणि प्रवासी यांच्यामध्ये उरते फक्त मागची सीट. सीटमागे पोलादी पत्रा जोडून घ्या. कॅमारोची टाकी डिकीच्या जमिनीखाली पट्ट्यांवर टांगलेली असते, म्हणजे मधे निदान एक पत्रा असतो.

रोलबार (गाडी उलटली तर छत पेलणारी पोलादी कमान), रेसिंग सीट आणि खांद्यावरचे पट्टे एकत्रच घ्या. रोलबार नसताना पट्ट्यांनी स्वतःला ताठ बांधून घेणं धोक्याचं आहे. गाडी उलटली आणि छत दबलं तर तुम्हाला खाली वाकायला जागा राहत नाही.

इंजिन

ट्रान्स-अ‍ॅम या अमेरिकन शर्यतमालिकेत इंजिनाच्या आकाराची मर्यादा ३०५ घनइंचांची होती. त्यात बसण्यासाठी शेव्हरोलेने कॅमारोच्या झेड/२८ या प्रकारासाठी ३०२ घनइंचांचं इंजिन बांधलं, कागदावर २९० हॉर्सपॉवरचं. १९६८ आणि ६९ची ट्रान्स-अ‍ॅम मार्क डोनोह्यू यांनी पेन्स्के संघाच्या कॅमारोतून जिंकली. एवढ्याशा इंजिनावर या गाड्या कुठवर जातात ते यावरून कळतं. आज चारशे हॉर्सपॉवरच्या वर जायची इच्छा असेल तर कॅमारोच घ्या, शेव्हरोलेचं आधुनिक एलएस इंजिन तिच्यात सुखानं बसतं. मस्टँगमध्ये फोर्डचं आधुनिक कोयोटी बसवायचं तर ते मनोरे कापावे लागतात, आणि मग तुम्ही वेगळीच गाडी बांधायला घेता. तिचं जुनं छोटं व्ही८ शेव्हरोलेच्या जुन्या व्ही८पेक्षा हलकं आहे. वर अ‍ॅल्युमिनियमची हेड घातली की नाकावरचं ओझं आणखी कमी होतं.

दोन्हीकडे कप्पे असलेलं ऑइल चेंबर घाला. लांब वळणात तेल एका बाजूला सरतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातात. मोठा रेडिएटर आणि पंख्याभोवतीचं आवरण हेही हवंच. सायलेन्सर निवडण्याआधी तुमच्या ट्रॅकचे नियम वाचा. कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका ट्रॅकला बऱ्याच दिवशी ९०-९२ डेसिबलची मर्यादा असते.

माझा कौल असा: तीनशे हॉर्सपॉवरमध्ये समाधान असेल, गॅरेजमध्ये स्वतः हात काळे करायचे असतील आणि टाकी-ब्रेकची कामं टाळणार नसाल तर मस्टँग. रुंद टायर, मोठं इंजिन आणि हाताशी मोठी रक्कम असेल तर कॅमारो. नाव आणि वर्ष याबद्दल हट्ट नसेल तर १९७०नंतरची कॅमारोही पाहा. तिच्यात पुढे डिस्क पहिल्यापासूनच येतात आणि पुढची रचनाही सुधारलेली आहे.

पाहायला जाताना पाण्याची बाटली न्या. मस्टँगच्या पुढच्या काचेखालच्या जाळीत पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली हात फिरवा. हाताला ओल लागली तर आतला पत्रा गंजलाय, आणि तो बदलायचा तर पुढचा बराच भाग सोलून काढावा लागतो. कॅमारोत गालिचा उचलून सबफ्रेमच्या जोडाभोवतीची जमीन स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. मिशिगनसारख्या मिठाच्या रस्त्यांवर राहिलेली गाडी असेल तर दोन्हींची मागची मडगार्डंही. पत्रा मऊ लागला तर किंमत कितीही कमी असली तरी दुसरी गाडी शोधा.