४३ इंची टीव्ही दसऱ्यापासून वापरतोय, विजेच्या बिलासकट अनुभव

देवगडात राहतो, २०२५ च्या दसऱ्याला ४३ इंची फोर-के एलईडी घेतला. पिक्चर मस्त, आवाज ठीक, त्यावर सगळेच लिहितात. मला लिहायचंय ते विजेबद्दल, कारण दुकानात त्यावर कोणी एक शब्द काढत नाही.

आधी २१ इंची जुना डबा टीव्ही होता. मित्राकडून प्लगला लावायचा वॉटमीटर आणून बघितलं तर डबा ७० वॅटच्या आसपास खायचा. नवा खोक्यातून काढला तेव्हा विविड (भडक, झगझगीत चित्राच्या) मोडवर होता, मीटर ९० च्या वर!! स्टँडर्ड केल्यावर ६५ आणि रात्री बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड) उतरवला की ४५. म्हणजे एलईडी आला की बिल आपोआप कमी होतं असं काही नाही, स्क्रीन चौपट मोठी झालीय ना. आल्या दिवशी मोड बदला, फुकटातली बचत आहे.

खरा चोर सेट-टॉप बॉक्स. रिमोटने बंद केला तरी १० वॅट चालूच, टीव्ही बंद असतानाच्या १९ तासांत दिवसाला ०.१९ युनिट, महिन्याला जवळपास सहा. आमचा टीव्ही पाच तास चालतो त्याचे महिन्याला दहा होतात, म्हणजे नुसता पडून असलेला बॉक्स अर्ध्याहून जास्त टीव्ही! आमचं बिल १०० युनिटच्या काठावर असतं, पुढच्या प्रत्येक युनिटला दर चढा, तिथे हे सहा युनिट जाणवतात. आता रात्री बोर्डावरूनच बटण बंद. सकाळी बॉक्स सुरू व्हायला दोन मिनिटं लागतात, आईला ते आवडत नाही पण चालवून घेते. वीज कडाडायला लागली की मात्र प्लग आणि केबल दोन्ही काढायचंच, नुसत्या बटणावर विसंबू नका.

वीजबचतीचे स्टार बघताना एक लक्षात घ्या, स्टार साइजच्या हिशोबाने देतात, त्यामुळे ५५ इंची पाच स्टारवाला ३२ इंची कमी स्टारवाल्यापेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, तो आकडा बघा.

आणि आमच्याकडे निवड तरी कुठे असते. गणपतीला माल भरतात तो ३२ आणि ४३ चा, बाकी ऑर्डर देऊन थांबा. दुकानदार म्हणाला, "येकच पीस रवलो हा" (एकच पीस उरलाय). ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, २८ वरून १८ टक्के झाला, पण गणपती त्याआधीच, ऑगस्टअखेरीस आले, त्यामुळे चाकरमान्यांनी घरच्यांना घेऊन दिलेले टीव्ही सगळे जुन्या दराने गेले. २५ हजारांच्या टीव्हीमागे जवळपास १९५० रुपये जास्त, वाईट वाटतं.

खाऱ्या हवेने मागच्या एचडीएमआय पोर्टवर आत्ताच हिरवट थर दिसतोय. सर्व्हिसला फोन केला तर माणूस कणकवलीहून येणार, कधी ते सांगत नाहीत. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी घेण्याआधी जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा, पॅनल (पडदा) गेलं तर टीव्हीच्या किमतीतला सगळ्यात मोठा भाग तोच असतो.