सँटिआगोत 25 हजारांच्या टॅक्सीचे अडीच लाख पेसो कापले

चिलीला जाणार असाल तर आधी हे वाचा. राजधानी सँटिआगोच्या विमानतळावरून शहरातल्या प्रोव्हिदेंसिया भागातल्या हॉटेलपर्यंत 25,000 पेसो ठरले होते आणि माझ्या कार्डावरून गेले 2,50,000. चलनबदलाचा आकार नि जीएसटी धरून 23,186 रुपये. ठरलेलं भाडं होतं जेमतेम सव्वादोन हजार. एक शून्य वाढवलं की काम झालं.

विमानतळावरच्या दलालांच्या नादी लागू नये हे मलाही कळतं. पण तीस तासांहून जास्त प्रवास झाला होता, ह्यांचा गुडघा सुजला होता आणि आतल्या अधिकृत टॅक्सीच्या काउंटरवर भली मोठी रांग होती. त्या माणसाच्या गळ्यात ओळखपत्र, हातात छापील दरपत्रक. भाडं काउंटरच्या दराइतकंच सांगितलं. स्वस्त सांगितलं असतं तर मी तिथेच सावध झाले असते. गाडीही शहरातल्या इतर टॅक्सींसारखीच, काळी नि पिवळ्या टपाची. संशय घ्यायचा तरी कशावरून?

वाटेत त्याने टोलचे म्हणून 3,000 पेसो रोख मागितले, मी दिले. कोस्तानेरा नोर्ते नावाच्या त्या रस्त्यावर टोलनाकाच नाही. वरच्या कमानी गाडीतलं यंत्र वाचतात आणि टोल गाडीमालकाच्या बिलात जातो. गाडी एकदाही थांबली नाही, हे मी खिडकीतून बघत होते. नाका कुठे गेला असं मनात आलंसुद्धा, पण तेवढ्यात रस्ता मापोचो नदीखालच्या बोगद्यात शिरला आणि विषय राहून गेला. तेव्हाच ओळखायला हवं होतं, ह्याचा मला अजून संताप येतो.

हॉटेलपाशी त्याने कार्डाचं मशीन काढलं. ते माझ्या हातात दिलंच नाही, स्वतःच धरून ठेवलं. मला दिसले फक्त 2 आणि 5, पुढच्या आकड्यांवर त्याचा अंगठा होता. पिन टाकला, मशीन वाजलं. पावती मागितली तर हातानेच कागद संपल्याची खूण केली आणि बॅगा फुटपाथवर ठेवून निघून गेला. अंगठा नसता तरी आपला माणूस तिथे गोंधळतोच. चिलीत हजारांनंतर स्वल्पविराम नाही, टिंब देतात, आणि पेसोच्या आधी डॉलरचीच खूण असते. 250.000 बघून आपल्याला वाटतं अडीचशे आणि पुढे दशांश. पेसोला दशांश नसतो! टिंबापुढची तिन्ही शून्यं खरी असतात. मशीन स्वतःच्या हातात घ्या आणि शून्यं बोटाने मोजा.

रोमिंग बंद होतं. हॉटेलच्या वायफायवर बँकेची ईमेल उघडली तेव्हा कळलं. लगेच बँकेला फोन लावला. उत्तर काय, तर ‘मॅडम, पिन टाकलाय म्हणजे व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय.’ अहो, मी 25 हजारांना मंजुरी दिली होती, अडीच लाखांना नाही! ग्राहकाच्या परवानगीविना झालेला व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवला तर त्याचं संरक्षण करणारं परिपत्रक रिझर्व्ह बँकेने जुलै 2017मध्ये काढलं होतं. मी तर त्याच रात्री कळवलं. तरी दर वेळी नवा माणूस फोनवर येतो आणि पहिल्यापासून सगळं विचारतो.

पोलिसांची तऱ्हा तीच. हॉटेलजवळच्या चौकीत म्हणाले, गाडी विमानतळावरून घेतलीत, तिकडे जा. तिकडे म्हणाले, पैसे शहरात दिलेत, शहरात जा. गाडीचा नंबर नाही म्हटल्यावर लिहून घेणाऱ्याने पेनच खाली ठेवलं. मग भाषेचा प्रश्न. शेवटी एक स्पॅनिश कागद हातात पडला, तर बँकेला त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवं. त्याचे वर 35,000 पेसो! आणि एवढं करून अर्ज फेटाळला. फसवलेल्या माणसाने परक्या देशात नक्की कोणाचं दार ठोठवायचं, हे एकानेही सांगितलं नाही. आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली आहे. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला तर ती करता येते. फुकट आहे, ऑनलाइन होते. सोडू नका.

परतताना आम्ही टॅक्सीच्या वाटेला गेलो नाही. मेट्रोची 1 नंबरची लाइन प्रोव्हिदेंसियातून पाहारितोसला जाते, तिथून विमानतळाची बस मिळते. शहरातल्या बसमध्ये रोख चालत नाही, त्यामुळे मेट्रो स्टेशनवर ‘बिप’ कार्ड आधी घ्या. परदेशात वापरायच्या कार्डाची मर्यादा निघण्यापूर्वीच ॲपमधून कमी करा. माझी 10,000 रुपयांची असती तर हा व्यवहार झालाच नसता. आणि टॅक्सी घ्यावीच लागली तर बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढा, ड्रायव्हरला दिसेल असा काढा. तो कुरकुरला तर सामान उतरवून घ्या.