तीन जुने युरोपीय फोन: ३३२, ७४६ की डब्ल्यू-४८?

जुना डायलचा फोन घ्यायचा म्हटलं की लोक आधी रंग विचारतात. मी उलटा प्रश्न करतो: त्यावर बोलायचंय की तो कपाटावर ठेवायचाय? बोलायचं असेल आणि हा पहिलाच फोन असेल, तर ब्रिटनचा ७४६ घ्या. हात काळे करायची हौस असेल, रविवारची दुपार त्यात घालवायची तयारी असेल, तर ३३२. यंत्राच्या सफाईवरच जीव जडत असेल तर जर्मन डब्ल्यू-४८, पण दुसरा किंवा तिसरा फोन म्हणून. हा निकाल कशावरून दिला, ते सांगतो.

३३२ हा ब्रिटिश जनरल पोस्ट ऑफिसचा १९३७चा फोन. तिकडे टेलिफोन खातं पोस्टाकडेच होतं, त्यामुळे जाहिरातीत ‘जीपीओ’ वाचून मुंबईतली घुमटाची इमारत डोळ्यांपुढे आणू नका. त्याचा उतरत्या छपरासारखा आकार मूळचा नॉर्वेचा. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्लोमध्ये चित्रकार जाँ हायबर्ग आणि इंजिनिअर ब्यर्कनेस यांनी तो घडवला आणि एरिक्सनमार्फत तो ब्रिटनमध्ये पोचला. पोटाशी नंबर लिहायच्या कार्डाचा छोटा खण, हा ३३२चा दागिना. नेमका तोच बहुतेक वेळा हरवलेला असतो.

हा फोन आपल्याला ओळखीचा वाटतो, कारण त्याचं घराणं आपल्याकडेही आलं. बंगळूरला १९४८ साली सुरू झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने तंत्रज्ञान लिव्हरपूलच्या ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनीकडून घेतलं होतं. सरकारी कचेरीत साहेबांच्या टेबलावर असायचा तो काळा ठोकळा याच गोतातला. त्यामुळे चोरबाजारात कुणी ‘असली इंग्लिश पीस’ म्हणून काही पुढे केलं, तर फोन उलटा करा. आयटीआयचा शिक्का दिसला तर तो चुलतभाऊ आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त पैसे चुलतभावाचे द्या.

डब्ल्यू-४८ नावाप्रमाणे १९४८चा. जर्मन पोस्टासाठी सीमेन्स, क्रोने, हागेनुक, डेटेव्हे अशा अनेक कंपन्यांनी तो बनवला. आकार युद्धापूर्वीच्या मॉडेलांवरूनच उतरलेला. १९६३मध्ये करड्या प्लास्टिकचा ६११ आला आणि याचे दिवस भरले. त्या करड्या फोनला जर्मन लोक ‘करडा उंदीर’ म्हणतात, आणि दोन्ही शेजारी ठेवले की ते नाव किती चपखल आहे ते कळतं.

७४६ सगळ्यात धाकटा, १९६७चा. १९५९च्या ७०६ची ही सुधारलेली आवृत्ती: हलका, एबीएस प्लास्टिकचा, आत सुट्या वायरींच्या जंजाळाऐवजी छापील सर्किटची पाटी. रूपात तो या दोघांपुढे फिका. पण भरवशाचा.

ओळख पटवायची तर तोंड नाही, बूड बघायचं. ब्रिटिश फोनच्या बुडावर मॉडेलचा आकडा, त्यापुढे एखादं अक्षर, मग बनवणाऱ्याची खूण आणि सालाचे दोन आकडे असतात. ३३२च्या रिसीव्हरच्या दांड्यावर आतल्या बाजूला १६४ हा आकडा आणि बऱ्याचदा सालही सापडतं. नवशिके इथेच घाबरतात: बूड ५४चं, रिसीव्हर ५७चा, डायल तिसऱ्याच सालची, म्हणजे फसवलं! तसं नसतं. हे फोन ग्राहकाच्या मालकीचे नसायचे. पोस्ट खातं ते परत घ्यायचं, कारखान्यात दुरुस्त करायचं आणि हाताला लागेल तो भाग बसवून पुन्हा दुसऱ्या घरी द्यायचं. सालं जुळली तर नशीब समजा. न जुळणं हा फोनचा खरा इतिहास आहे, आणि त्यासाठी भाव पाडून मागायला हरकत नाही.

खरी फसवणूक वेगळीच असते. फोन उचलला की खेळण्यासारखा हलका लागतो आणि डायलच्या भोकांत चक्क बटणं असतात. ती नवी नक्कल. पितळेचे चकचकीत ‘व्हिक्टोरियन’ फोन दिवाणखान्यासाठी ठीक आहेत, या यादीत त्यांचं काम नाही.

डायलवरूनही देश कळतो. ब्रिटिश डायलवर जिथे अक्षरं आहेत तिथे ओ आणि क्यू शून्याच्या भोकात बसलेले असतात. अमेरिकन फोनवर ओ सहाच्या भोकात असतो. डब्ल्यू-४८वर सहसा नुसते आकडेच.

आता रंगाचा मुद्दा, कारण पैसे बुडतात ते इथे. अस्सल बेकेलाइट, म्हणजे या जुन्या फोनांचं कडक प्लास्टिक, काळं, तपकिरी असं गडदच असतं. त्या राळेचा अंगचाच रंग गडद, त्यामुळे हस्तिदंती किंवा लालभडक ‘बेकेलाइट’ म्हणून जे विकतात ते दुसरंच प्लास्टिक असतं, नाहीतर काळ्यावर मारलेला रंग. ब्रिटनचे रंगीत ३३२ अ‍ॅक्रिलिकचे होते. डब्ल्यू-४८चा हस्तिदंती अवतार युरिया जातीच्या प्लास्टिकचा. खात्री करायची तर अंगठ्याने एक जागा जोरात घासा. ती गरम झाली की बेकेलाइटला कार्बोलिक साबणाच्या जवळपासचा वास येतो.

डागडुजीची पद्धतही यावरूनच ठरते. काळ्या बेकेलाइटला ओल्या फडक्याने पुसून ब्रासोने हलक्या हाताने घासलं की चमक परत येते. फडकं तपकिरी होतं, त्याने दचकू नका. शेवटी मेणाचा हात. मात्र उन्हाने वरची गुळगुळीत साय उडून पृष्ठभाग राखाडी, खरखरीत झाला असेल तर मूळ आरसा परत येत नाही, कितीही घासा. बेकेलाइटमध्ये लाकडाचा भुसा भरलेला असतो, म्हणून बादलीत भिजत घालायचं नाही. हस्तिदंती युरियाला तर पाणी आणखी बाधतं. माझा पहिला हस्तिदंती फोन मी रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवला होता आणि सकाळी त्यावर जुन्या चिनीमातीच्या बशीसारखं भेगांचं जाळं होतं. अ‍ॅक्रिलिकला स्पिरिट लावू नका, त्यालाही तशाच भेगा जातात. ७४६चं एबीएस उन्हाने पिवळं पडतं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवण्याचा उपाय चालतो, पण थर एकसारखा बसला नाही तर पट्टे उमटतात आणि पट्ट्यांपेक्षा पिवळेपणा बरा दिसतो.

डायल हा फोनचा आत्मा. आकडा फिरवला की ती लाइन तोडून-जोडून तेवढे ठोके देते, शून्याला दहा. तिन्हींचा वेग एकच, सेकंदाला दहा ठोके. फरक ठोक्याच्या घडणीत: ब्रिटिश डायल दर ठोक्यात साधारण ६७ टक्के वेळ लाइन तोडते आणि ३३ टक्के जोडते, जर्मन डायलचं प्रमाण ६२ आणि ३८च्या आसपास. व्यवहारात दोन्ही चालतात. घेताना शून्य फिरवा आणि परत येताना ऐका. एक सेकंद आणि वर थोडं, एका लयीत, यायला हवं. शंका असेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, त्याच्या आलेखात ठोके मोजता येतात. डायल रेंगाळत असेल तर बहुधा जुनं तेल गोठलेलं असतं. ते पुसून घड्याळाचं तेल सुईच्या टोकाला मावेल एवढंच धुऱ्यांना द्या. वेग आवरणारा गव्हर्नर ज्या वाटीला घासतो, तिथे तेल गेलं तर डायल सुसाट सुटते आणि प्रत्येक नंबर चुकतो. या बाबतीत डब्ल्यू-४८ला तोड नाही. त्याच्या डायलची परतीची गुणगुण ऐकून माझ्या पाहुण्यांनी विनाकारण नंबर फिरवलेत.

बाकी आजार तिघांचे सारखेच. समोरच्याला आवाज खरखरत, दबून जात असेल तर बोलण्याच्या कॅप्सूलमधली कार्बनची भुकटी घट्ट बसलेली असते. रिसीव्हर तळहातावर हलकेच आपटून बघा, नाहीतर त्याच मापाची नवी इलेक्ट्रेट (बिनभुकटीच्या मायक्रोफोनची) कॅप्सूल बसवा. जुने कागदी कॅपॅसिटर गळके झालेले असू शकतात, आणि कोकणातल्या हवेत तर मी ते न तपासता फोन लाइनला लावणारच नाही. ३३२ आणि ७४६ला सुटे भाग, कापडी दोऱ्या, नवे खण ब्रिटनमधून सहज मिळतात. डब्ल्यू-४८चेही मिळतात, पण पाट्या आणि आकृत्या जर्मनमध्ये. सोल्डरचा डाग द्यायला बसण्यापूर्वी प्रत्येक वायरीचा फोटो काढा आणि लाइन काढून ठेवा. लाइनवर ५० व्होल्टच असतात, पण घंटी वाजताना ते ७५च्या आसपास जातात, आणि तो झटका लक्षात राहतो.

शेवटचा मुद्दा लाइनचा. घरात फायबर इंटरनेट असेल तर त्याच्या मोडेमच्या डब्यावरच्या फोन पोर्टला घंटी वाजवता येते, बोलता येतं, पण पुष्कळ डब्यांना डायलचे ठोके कळत नाहीत. लंडन-लेस्टरच्या मराठी मंडळींनी तर हे आधीच बघावं, कारण ब्रिटनचं जुनं तांब्याचं जाळं जानेवारी २०२७पर्यंत बंद व्हायचंय. उपाय म्हणजे ठोके ओळखणारा अडॅप्टर. ग्रँडस्ट्रीमच्या एचटी८०१मध्ये ती सोय आहे. एकाच लाइनवर दोन-तीन ब्रिटिश फोन लावायचे असतील तर घंटीच्या मालिकेत ३.३ किलोओमचा रेझिस्टर घालतात, म्हणजे घंटीवरचा भार आवरतो. तरीही बँकेने ‘मराठीसाठी १ दाबा’ म्हटलं की तिन्ही फोन गप्प. बटण दाबल्यावर जाणारा टोन त्यांच्याकडे नाहीच.

आणि कुणी स्वस्तात स्वीडिश फोन देऊ केला तर डायल नीट वाचा. तिथे पहिल्या भोकात शून्य असतो, म्हणजे शून्याला एक ठोका, एकाला दोन, नवाला दहा. असा फोन सरळ लावला तर प्रत्येक आकडा एकाने पुढे सरकतो. अडॅप्टरमध्ये स्वीडिश पद्धत निवडता येते. ती नसेल तर मावशीला लावलेला फोन भलत्याच घरी वाजेल.

तिन्हींपैकी काहीही मागवलंत तरी विकणाऱ्याला एवढं बजावा: रिसीव्हर खाली उतरवून वेगळा गुंडाळ. क्रेडलवर ठेवून पाठवलेल्या बेकेलाइट फोनचे कान वाटेतच मोडतात.