अळंबी ओळखणारे ॲप: ओळख बरी, विषशास्त्र कच्चे

गेल्या ऑक्टोबरमध्ये मुलीकडे जर्मनीत मुक्कामाला असताना श्वार्त्सवाल्डच्या जंगलात हिंडण्यासाठी म्हणून मी अळंबी ओळखणाऱ्या एका ॲपची वर्षभराची वर्गणी भरली. औषधशास्त्र शिकवण्यात नोकरीची सारी वर्षे गेल्यामुळे नाव सांगणाऱ्या भागापेक्षा त्यातील विषांच्या माहितीविषयी मला अधिक कुतूहल होते, आणि जाहिरातीतही त्याच भागाचा गाजावाजा केला होता. ॲपचे नाव देत नाही, कारण पुढे सांगितलेली मुख्य चूक या एकाच ॲपची नाही. ती छापील पुस्तिकांतही अजून तग धरून आहे.

ओळखण्याच्या कामगिरीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. उजेड चांगला असेल आणि छत्रीखालची बाजू व देठाचे बूड दोन्ही दाखवले असेल तर ॲप बऱ्याचदा योग्य नाव सुचवते. वरून घेतलेल्या एकाच छायाचित्रावर मात्र त्याने एकाच अळंबीला सकाळी एक आणि दुपारी दुसरे नाव दिले. तेवढ्या भरवशावर कोणी अळंबी कढईत टाकू नये.

खरी अडचण लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेल्या अमॅनिटा मस्कारियाच्या पानावर आहे. बर्च आणि स्प्रूसच्या पायथ्याशी उगवणारी ही अळंबी तिकडच्या लहान मुलांनाही चित्रांतून माहीत असते. त्या पानावर ‘मुख्य विष: मस्करीन, उतारा: ॲट्रोपीन’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. ही चूक समजण्यासारखी आहे, पण क्षम्य नाही. श्मीडेबर्ग आणि कोप या शास्त्रज्ञांनी 1869 मध्ये मस्करीन वेगळे केले ते याच अळंबीतून, आणि नावही तिच्यावरूनच पडले (लॅटिन ‘मुस्का’ म्हणजे माशी, आपल्या मस्करीशी त्याचा काही संबंध नाही). प्रत्यक्षात ताज्या लाल अळंबीत मस्करीनचे प्रमाण सुमारे 0.0003 टक्के, म्हणजे नावापुरतेच असते. त्याचा खरा साठा इनोसायबी आणि क्लिटोसायबी या वंशांतील लहानखुऱ्या, तपकिरी किंवा पांढुरक्या, कोणाच्या नजरेत न भरणाऱ्या अळंब्यांत आढळतो, आणि त्यांच्या पानांवर या ॲपने जेमतेम दोन ओळी खर्च केल्या आहेत.

मस्करीनचा रेणू ॲसिटिलकोलीन या आपल्याच चेतासंदेशकाची बेमालूम नक्कल करतो. दोघांच्याही टोकाला तीन मिथाइल गट धारण करणारा धनभारित नायट्रोजन असतो. परंतु ॲसिटिलकोलीनमधील एस्टर बंध शरीरातील विकर (एन्झाइम) क्षणार्धात तोडते, तर मस्करीनमध्ये तो बंधच नसून त्याच्या जागी ऑक्सिजन सामावलेले पाच अणूंचे कडे असल्यामुळे विकराला तोडण्यासारखे काही सापडत नाही आणि संदेश थांबता थांबत नाही. पाव तासापासून दोन तासांच्या आत घाम, लाळ आणि अश्रू वाहू लागतात, बाहुल्या आकसतात, नाडी मंदावते, श्वासनलिका आवळतात. नायट्रोजनवरील कायमच्या भारामुळे हा रेणू रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर सहसा ओलांडत नाही, म्हणून रुग्ण घामाने निथळत असला तरी बहुधा शुद्धीवर असतो. कीटकनाशकाची बाधा झालेला शेतकरी ज्याने पाहिला आहे त्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. ऑर्गॅनोफॉस्फेट विकरालाच निकामी करते, मस्करीन विकराला चकवते, आणि दोन्हीकडे डॉक्टरांच्या हाती तो संदेश अडवणारे ॲट्रोपीन असते.

लाल अळंबीचा मामला निराळा आहे. तिच्यातील आयबोटेनिक आम्ल आणि मसिमॉल ही द्रव्ये 1960 च्या दशकात हाती लागली. आयबोटेनिक आम्ल ग्लुटामेट या उत्तेजक चेतासंदेशकासारखे वागून चेतापेशींना डिवचते; अळंबी वाळवली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मसिमॉल उरते, जे गाबा या शांतवणाऱ्या चेतासंदेशकाच्या ग्राहकांवर (संदेश झेलणाऱ्या रेणूंवर) बसून चेतापेशींना गप्प करते. त्यामुळे रुग्ण कधी झिंगून पडतो, कधी बरळत उठतो. अशा भ्रमिष्ट माणसाला पानावर छापले आहे म्हणून ॲट्रोपीन टोचले तर भ्रम वाढण्याचा धोका असतो. धोतऱ्याचे बी खाल्लेल्याची जी दशा आपल्याकडे होते ती ॲट्रोपीन आणि त्याच्या भाऊबंदांमुळेच होते, हे ध्यानात घेतले तर उताऱ्याच्या त्या एका ओळीची जोखीम कळेल. उतारा लक्षणे पाहून ठरतो, अळंबीच्या नावावरून नव्हे, एवढे तरी तिथे लिहायला हवे होते.

दुसरी तक्रार वर्गीकरणाची आहे. ॲपने सर्व विषांना सरसकट ‘अल्कलॉइड’ (सजीवांत बनणारे नायट्रोजनयुक्त, बहुधा अल्कधर्मी द्रव्य) म्हटले आहे. भास घडवणाऱ्या अळंब्यांतील सिलोसायबिनला ते नाव शोभते, कारण तो ट्रिप्टामाइनच्या घराण्यातला आहे आणि शरीरात फॉस्फेट गमावून सेरोटोनिनच्या ग्राहकांवर काम करतो. डेथ कॅप या जीवघेण्या अळंबीतील अमॅनिटिन मात्र आठ अमिनो आम्लांचे पेप्टाइड आहे. ते चेतासंस्थेला नव्हे तर आरएनए पॉलिमरेज 2 या पेशींना अत्यावश्यक विकराला रोखून यकृत उद्ध्वस्त करते, आणि त्याची लक्षणे सहसा सहा तासांनंतर सुरू होतात. लवकर उलटी झाली म्हणजे धोका मोठा आणि उशिरा झाली म्हणजे किरकोळ, हा सर्वसामान्य समज येथे नेमका उलटा ठरतो. त्या पानावर वेळेचा हा इशारा लाल चौकटीत दिला आहे, ही या ॲपची जमेची बाजू होय.

जायरोमिट्राच्या पानाचेही मी मनापासून कौतुक करीन. त्या अळंबीतील द्रव्यापासून मोनोमिथाइलहायड्राझीन तयार होते, जे अग्निबाणाचे इंधन म्हणूनही वापरतात. ते शरीरातील ब6 जीवनसत्त्वाचे काम अडवते, गाबा तयार होणे मंदावते आणि झटके येतात, म्हणून उपचारात पायरिडॉक्सिन, म्हणजे तेच ब6, देतात. मसिमॉल गाबाची नक्कल करते, तर हे विष गाबाच आटवते. उकळताना निघणारी वाफसुद्धा बाधते, हेही तिथे स्पष्ट लिहिलेले आहे. एवढी समज असलेल्या लेखकाने लाल अळंबीचे पान तपासले कसे नाही, याचे आश्चर्य वाटते.

चूक कळवणारे पत्र मी लिहिले, तेव्हा आभाराचा आपोआप निघणारा संदेश आला आणि पान आहे तसेच राहिले. पाचपैकी अडीच तारे देतो, तेही जायरोमिट्रा आणि अमॅनिटिनच्या पानांसाठी. वर्गणी पुढे चालू ठेवणार नाही.