डबल ट्रॉलीसाठी एलईडी टेल लाइटची पेटी: दिवे चांगले, तार कच्ची

गळीत हंगाम तोंडावर आला की सोलापुरातल्या ऑटो पार्ट्सच्या दुकानांत ही पेटी काउंटरवरच रचलेली दिसते. आत दोन एलईडी दिवे, सात पिनांचा प्लग, साडेसात मीटर केबल आणि स्क्रूची पुडी. खोक्यावरचं नाव बदलतं, आतला माल साधारण सारखाच. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटकडच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या जोडट्रॉल्या चालतात, त्यांच्यासाठी ही पेटी किती कामाची, ते इथे पाहू.

आधी दिवा. लाल काचेखाली लाल एलईडी असलेलाच घ्यावा. स्वस्त नगात आत पांढरे एलईडी असतात आणि ब्रेक दाबला की उजेड गुलाबी पडतो. दुकानातच १२ व्होल्टच्या बॅटरीवर आधी टेल (सतत जळणारा मंद लाल दिवा) लावून बघा, मग त्यावर ब्रेक लाइट द्या. जुन्या दुहेरी फिलामेंटच्या बल्बात टेल ५ वॉटचा आणि ब्रेक २१ वॉटचा असतो. ती उडी डोळ्यात भरते, म्हणून तर मागच्या एसटीच्या ड्रायव्हरला पुढचा थांबतोय हे कळतं. या पेटीतल्या दिव्यांत रात्री हा फरक स्पष्ट दिसतो, भर उन्हात मात्र कमी पडतो. दोन्ही उजेड सारखेच वाटले तर तो नग परत द्या, कितीही लखलखीत असला तरी.

नंबर प्लेटसाठी डाव्या दिव्याच्या खालच्या बाजूला पारदर्शक खिडकी दिली आहे. कल्पना बरी, पण आपल्याकडे नंबर फाळक्याच्या, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या झडपेच्या, मधोमध रंगवलेला असतो. तिथवर हा उजेड पोचत नाही, त्यामुळे वेगळा छोटा पांढरा दिवा लावावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०५ सांगतो की मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि नंबर १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे.

खरी रड तारेची. पेटीतली केबल अर्ध्या चौरस मिलिमीटरची आहे, आणि तीही दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत पुरत नाही. मग जोड देऊन लांबवतात. चौदा मीटर लांबी धरली तर जाऊन-येऊन २८ मीटर तार होते, म्हणजे सुमारे १ ओहम रोध. एलईडीला विजेचा प्रवाह कमी लागतो, त्यामुळे ते निभावून नेतात. पण कुणी त्याच केबलवर जुने बल्ब लावले तर दोन ब्रेक बल्ब मिळून साडेतीन अँपिअर ओढतात, तीनेक व्होल्ट वाटेतच जिरतात आणि ब्रेक लाइट नुसता तांबूस दिसतो. पेटीतली केबल बाजूला ठेवून दीड चौरस मिलिमीटरची तार घ्या आणि चेसिसला धरून लवचिक पाइपमधून न्या. हुकाजवळ वळणापुरता ढिला फेरा सोडा.

अर्थची तार, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणारी तार, तर वेगळीच ओढायची. ट्रॉली जोडायच्या हूक-पिनवर भरवसा ठेवला तर गंज आणि ग्रीसमुळे जोड कधी लागतो, कधी सुटतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटला किंवा इंडिकेटरबरोबर टेल लुकलुकला, तर दोष दिव्यात नाही, अर्थमध्ये आहे.

सात पिनांची नेहमीची मांडणी अशी: १ डावा इंडिकेटर, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा टेल, ६ ब्रेक, ७ डावा टेल. २ नंबर मागच्या फॉग लाइटचा (धुक्यातल्या दिव्याचा), तो रिकामा राहिला तरी चालतो. तारांच्या रंगावर जाऊ नका. ट्रॅक्टरच्या सॉकेटवर टेस्ट लॅम्प लावून एकेक पिन तपासा, आधी कुणीतरी तारा इकडच्या तिकडे करून ठेवलेल्या असतातच. इंडिकेटर घाईघाईने फडफडायला लागला तर जुन्या फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला) एलईडीचा भार कमी पडतोय. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवला की काम होतं. भार वाढवायला रेझिस्टर लावायचाच असेल तर तो चांगलाच तापतो, म्हणून पत्र्यावर घट्ट बसवा, प्लास्टिकजवळ नको.

दिव्याच्या बुडाशी पाणी निघून जायला बारीक भोक आहे, ते खालीच आलं पाहिजे. उलटा बसवला तर एका धुण्यात आत तळं साचतं. सिलिकॉन केबलच्या तोंडाशी भरा, या भोकात नको.

पेटीसोबत निळ्या-पांढऱ्या पळत्या दिव्यांची पट्टी फुकट देतात. ती दुकानातच राहू द्या. नियम १०८ प्रमाणे मागे लाल उजेडच दिसायला हवा. पिवळा इंडिकेटर, नंबरवरचा पांढरा दिवा आणि रिव्हर्स लाइट यांना सूट आहे. लुकलुकणारी लाल पट्टीही नको, तिच्यात ब्रेक लाइट हरवतो.

शिवाय वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, लोंबले की चेसिसवरचा दिवा झाकलाच जातो, मग तो कितीही महागाचा असो. त्यावर सोपा तोडगा असा: एक लांब फळी घ्या, तिच्या दोन्ही टोकांना हे दिवे बसवा आणि ऊस भरून झाल्यावर मोळ्यांच्या बाहेर साखळीने टांगा. कारखान्यात गव्हाणीवर (ऊस रिकामा करतात तिथे) जाण्याआधी प्लग काढून फळी केबिनमागे ठेवायची, नाहीतर पहिल्याच खेपेला काच फुटते.

ट्रॅक्टरची बॅटरी उतरली की यातला एकही दिवा उपयोगाचा नाही. म्हणून एआयएस-०९० (अशा टेपसाठीचं वाहन उद्योगाचं मानक) छापलेली, उजेड पडला की चमकणारी ५० मिलिमीटरची टेप वेगळी घ्यावीच: मागे लाल, बाजूंना पिवळी. पत्रा पॉलिश पेपरने घासा, थिनरने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि टेपच्या टोकांना रिव्हेट मारा. गंजावर चिकटवलेली टेप पहिल्या पंधरवड्यातच सुटायला लागते.