पहिलं बोन्साय : जेड की नांद्रुक?

पहिलं बोन्साय घ्यायचं ठरलं की बहुतेकांचा हात ज्युनिपर या थंड हवेतल्या सूचिपर्णी झाडाकडे जातो, कारण चित्रांत पाहिलेलं झाड तेच असतं. पुण्या-मुंबईत राहत असाल तर ते घेऊ नका. त्याला हिवाळ्याची खरी थंडी लागते. शिवाय मुळं मेली तरी त्याचा पाला कित्येक आठवडे हिरवा राहतो, त्यामुळे आपल्या लक्षात येईतो झाड गेलेलं असतं. कामिनी सुरेख, पावसाळ्यात फुलली की घर दरवळतं, पण वाढ फार हळू. ती दुसऱ्या खेपेला घ्या. पहिल्यासाठी खरी निवड दोघांतच आहे : जेड आणि नांद्रुक, म्हणजे नर्सरीवाल्यांचं फायकस.

निवड झाडाच्या रूपावरून करू नका, आपल्या पाणी घालायच्या सवयीवरून करा. जेड मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. ते पानांत पाणी साठवतं आणि तहान लागली की पानं किंचित सुरकुततात. तोवर थांबायचं. दिवाळीत आठ दिवस घर बंद असलं तरी त्याला काही होत नाही. नांद्रुकाला उथळ ट्रेमध्ये एप्रिल-मे महिन्यांत सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं, आणि दोन दिवस विसरलात तर पानं गळायला लागतात. पण जास्त पाणी झालं तर तो सहसा सांभाळून घेतो. जेडचं तसं नाही, ते सरळ कुजतं. म्हणून विसरभोळ्या माणसाने जेड घ्यावं आणि रोज झाडांपाशी उभं राहिल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही त्याने नांद्रुक.

ऊन दोघांनाही हवं. हॉलमधल्या टीपॉयवर दोन्ही झाडं लांबुडकी आणि विरळ होतात.

आकार देण्यात मात्र नांद्रुक फार पुढे आहे. त्याच्या फांदीला तार गुंडाळून ती हवी तशी वळवता येते आणि खोड लवकर भरतं. दमट हवेत पारंब्याही सुटतात, आणि वीतभर उंचीचं झाड जुन्या वडासारखं दिसायला लागतं. पावसाळ्यात तो इतका झपाट्याने वाढतो की तार सालीत रुतते, म्हणून दर पंधरवड्याला तपासायची. जेडची फांदी मांसल असते, जोर दिला की कट्कन मोडते. तिथे तारेपेक्षा कात्रीच बरी.

खरा फरक कळतो तो कुंडी बदलताना. नांद्रुकाची कुंडी मी जूनमध्ये, हवेत ओल आली की बदलते. झाड उपसलं की मुळांचा काथ्याच्या पायपुसण्यासारखा गठ्ठा निघतो. बांबूच्या काडीने तो बाहेरून आत सोडवत जायचा आणि एक तृतीयांश मुळं कापायची. कापताच पांढरा चीक येतो, हाताला चिकटतो. कुंडीच्या भोकांवर जाळी टाकायची, भोकांतून तार वर घेऊन झाड घट्ट बांधायचं, कारण हलत्या झाडाची कोवळी मुळं तुटतात. मग खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत भरपूर पाणी द्यायचं आणि दोन-तीन आठवडे सावलीत ठेवायचं.

हेच सगळं मी एकदा जेडला केलं, त्याच दिवशी पाण्यासकट. आठ दिवसांत खोड बुंध्याशी मऊ पडलं. चार वर्षं वाढवलेलं झाड होतं, अजून वाईट वाटतं. जेडची मुळं धुऊ नका. माती कोरडी असतानाच कुंडी बदला, आणि नंतर आठवडाभर पाणी देऊ नका, कापलेल्या जखमा आधी सुकू द्या. पावसाची झड लागली असताना तर हे काम काढूच नका. मी फेब्रुवारीत करते.

माती दोघांनाही साधी चालत नाही. काळी माती पाणी धरून ठेवते, लाल माती दगडासारखी बसते. विटांचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे घ्या, चाळून धूळ काढा. नांद्रुकासाठी दोन भाग तुकडे आणि एक भाग शेणखत, जेडसाठी तीनास एक.

विकत घेताना मातीवरचे खडे बोटाने हलवून पाहा. काही ठिकाणी ते गोंदाने चिकटवलेले असतात आणि पाणी वरूनच वाहून जातं. असं झाड घेतलंच तर थर त्याच दिवशी फोडा.

आणि ठरतच नसेल तर कुणाकडून जेडची एक फांदी मागून आणा. कापलेलं टोक चार दिवस सावलीत सुकवा, मग कोरड्या भुसभुशीत मातीत खोचा आणि आठवडाभर पाण्याची झारी लांब ठेवा.